आईच्या खळ्यात पिकलबॉल

बाबांनी दुसरं लग्न केलं ते मला सांगून केलं, विचारून नाही. मी तेव्हा अकरावीत होते आणि आई जाऊन तीन वर्षं झाली होती. रविवारी दुपारी जेवून हात धुतल्यावर टॉवेल शोधता शोधता ते म्हणाले, "पुढल्या आयतवारी नंदा येतली. मुंबयची आसा. तू तिका काकी म्हण." एवढंच. समुद्रावर इंजिनाच्या वर आवाज चढवून बोलणारे माझे बाबा घरात दोन वाक्यांपुढे कधी जात नसत. मी आतयेकडे बघितलं. आतये म्हणजे बाबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी आली होती, सकाळी मालवणच्या बाजारात मासे विकायची, आणि आई गेल्यापासून घर तीच ओढत होती. ताटं गोळा करत ती म्हणाली, "घरात बायलमाणूस नाय म्हणता तो. मगे मी कोण आसंय? खांब?" बाबा बाहेर निघून गेले. त्या दुपारी मी आणि आतये एका बाजूच्या झालो, आणि येणारी बाई घरात पाऊल टाकायच्या आधीच आमच्या विरुद्ध बाजूला जाऊन पडली.

आमचं घर मालवणहून देवबागेकडे जाणाऱ्या रस्त्याच्या समुद्राकडच्या अंगाला, माडांमध्ये. तीन खोल्या, पुढे पडवी, आणि पडवीच्या पुढे खळं. आजूबाजूच्या घरांची खळी वाळूमिश्रित मातीची, दर दिवाळीला सारवलेली. आमचं तेवढं सिमेंटचं. ते आईने करून घेतलं होतं. ती सुकी मासळी करायची, आणि वाळू लागलेला गोलमा कोणी दुसऱ्यांदा घेत नाही हे तिचं म्हणणं. गोलमा म्हणजे तो बारीक सुका जवळा; चुलीत भाजून, खोबरं आणि कांदा घालून त्याचं जे होतं ते मला आजही पेजेबरोबर दुसऱ्या कशापेक्षा आवडतं. गवंड्याच्या मागे उभं राहून आईने ते सगळं खळं दोन दिवसांत घोटून घेतलं, आणि तिसऱ्या दिवशी कोंबडी त्यावरून चालत गेली म्हणून शेजारणीशी कडाडून भांडली. ती गेल्यावर आम्ही त्यावर मासळी घालायचं थांबवलं नाही. पण संध्याकाळी मासळी उचलून झाली की मी ते झाडायचे, पाणी मारायचे, आणि मग त्यावर कोणी चपला घालून आलेलं मला खपायचं नाही. सतरा वर्षांच्या मुलीला दुःख करायलाही काहीतरी जागा लागते. माझी ती होती.

नंदा आली ती कुडाळ स्टेशनवरून रिक्षाने, वाटेत देवळात हार घालून, बाबांच्या शेजारी बसून. छत्तीस-सदतीस वर्षांची, उंच, खांद्याने रुंद. आईबापांच्या आजारपणात लग्नाचं राहून गेलेली. माणसं मूळची आमच्याकडचीच, पण ती परळच्या चाळीत वाढलेली, त्यामुळे तिला मालवणी कळायची आणि बोलायची मात्र ती शाळेच्या पुस्तकासारखं. बारा वर्षं तिने मुंबईत एका जिमखान्याच्या ऑफिसात नोकरी केली होती. दोन बॅगा उतरल्या, मग एक लांबट कापडी पिशवी उतरली. आतयेने पडवीत बसून त्या पिशवीत डोकावून बघितलं. आत लाकडाच्या चार फळ्या होत्या, आखूड दांड्याच्या, टेबल टेनिसच्या बॅटीपेक्षा मोठ्या, आणि प्लास्टिकचे डझनभर पिवळे बॉल, सगळ्या अंगाने भोकं पाडलेले.

"हे काय गो?" आतये म्हणाली. "कपडे धोपटूक हाडलंस? हय न्हंय नाय, बाव आसा." नदीवर कपडे धोपटतात, आमच्याकडे विहीर, असा तिचा टोला.

"खेळायच्या आहेत, वन्सं," नंदा म्हणाली. "पिकलबॉल म्हणतात. जिमखान्यातल्या एका गृहस्थांनी परदेशातून आणला होता. त्यांना चौथा भिडू मिळेना म्हणून मला शिकवला. लग्नाचा आहेर म्हणून हे सगळं मलाच दिलं."

"पिकलो बॉल?" आतयेने बॉल दोन बोटांत धरून भोकातून माझ्याकडे बघितलं. "मगे कच्चो खंय आसा?"

मी मोठ्याने हसले. मुद्दाम, गरज होती त्याहून मोठ्याने. नंदाही थोडी हसली, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

पुढचे दोन-तीन महिने आमच्या घरात जे चाललं त्याला भांडण म्हणता येणार नाही, कारण भांडायला बोलावं लागतं. मी तिला काकी म्हटलं नाही, नंदा म्हटलं नाही, काहीच म्हटलं नाही. तिने माशाचं तिखलं केलं तर मी लोणचं-भात खायचे. तिने केलेले घावणे मी बाबांच्या देखत कावळ्याला घातले. आतयेची पद्धत वेगळी. ती तिला काही म्हणायची नाही, तिच्या समोर मला म्हणायची, "तुझ्या आवशीन कदी तिरफळां अशी चेचून घातली नाय." नंदा ऐकून घ्यायची. पण ती गरीब गाय नव्हती, हे इथेच सांगायला हवं. एकदा मी तिचा वाळत घातलेला गाऊन काढून माडाखाली टाकला, तर तिने माझी कॉलेजची ओढणी त्याच माडाखाली नेऊन ठेवली, नीट घडी करून. घावणे कावळ्याला घातले त्या रात्री तिने मला वाढलंच नाही. "तुझं कावळ्याने खाल्लं," म्हणाली.

मग एका संध्याकाळी मी कॉलेजमधून आले तर खळ्यात चुन्याच्या रेघा.

नंदा ओणवी होऊन शेवटची रेघ मारत होती. हातात चुन्याचा डबा, कमरेला पदर, शेजारी बाबांची मोजपट्टी. मधोमध, दोन्ही कडांच्या मातीत, सुपारीचे दोन वासे रोवलेले, आणि त्यांच्यामध्ये बाबांच्या फाटक्या जाळ्याचा तुकडा ताणून बांधलेला. म्हणजे जाळं बाबांनी दिलं होतं. मी दप्तर खाली टाकलं आणि तिच्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलले.

"ह्या माझ्या आवशीचा खळा आसा. रेगो पुस."

ती उठून उभी राहिली. हाताला लागलेला चुना तिने पदराला पुसला. "तुझ्या आईचं आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मासळी उचलल्यावर रिकामंच असतं. मी मासळीच्या वेळी इथे पाय ठेवणार नाही."

"पुस म्हटलंय."

"हरव मला," ती म्हणाली. "अकरा पॉइंटांचा एक डाव. एकदा मला हरव, मी माझ्या हाताने रेघा पुसून टाकते आणि परत मारणार नाही. ते जमत नसेल तर दप्तर उचल, बॉलच्या मध्ये येतंय."

माझ्या आयुष्यात मला कोणी इतकं सरळ उत्तर दिलं नव्हतं. मी फळी उचलली.

आता मी कणकवलीत एका शाळेत शिकवते, आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर नवीन लोकांना हाच खेळ शिकवते. बँकेतले साहेब येतात, डॉक्टरीणबाई येतात, मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेली मुलं महागड्या रॅकेट घेऊन येतात. त्यांना मी जे पहिल्या दिवशी सांगते ते सगळं मला नंदाने त्या हिवाळ्यात शिकवलं, आणि शिकवलं ते असं की मी दात खाऊन ऐकलं. कोर्ट चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद. सर्व्हिस खालून करायची, कमरेच्या खालून, समोरच्या तिरक्या चौकोनात, आणि एकदाच. चुकली की गेली. पॉइंट मिळतो तो सर्व्हिस करणाऱ्यालाच. समोरच्याने रॅली जिंकली तर त्याला फक्त सर्व्हिस मिळते. सर्व्हिसचा बॉल एक टप्पा पडू द्यायचा, परत आलेलाही एक टप्पा पडू द्यायचा, त्यानंतर हवं तर हवेतल्या हवेत मारायचा. अकरा पॉइंट, पण दोनने पुढे असलात तरच. आणि जाळीच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांची पट्टी, तिला म्हणतात किचन. त्या पट्टीत उभं राहून बॉल हवेतून मारायचा नाही. हे नाव ऐकून आतये पडवीतून ओरडली होती, "खळ्यात रांधपाची खोली? आनि चूल खंय घातलंस?" आजही माझ्याकडचे नवे लोक ह्या नावाला हसतात. मी त्यांना हसू देते. पट्टी कशासाठी आहे ते त्यांना चार दिवसांनी कळतं. ती नसती तर जो उंच तो जाळीला चिकटून उभा राहिला असता आणि समोरच्याच्या अंगावर नुसते फटके मारत बसला असता.

मला मात्र फटकेच मारायचे होते. पहिल्या दिवशी मी अकरा-शून्य हरले. दुसऱ्या दिवशी अकरा-एक. तिसऱ्या दिवशी रागाने मारलेला बॉल माडाच्या शेंड्यात जाऊन अडकला. नंदा पलीकडे उभी असायची, फारशी हलायची नाही, आणि मी जीव खाऊन मारलेला बॉल ती मऊ हाताने जाळीच्या पलीकडे माझ्या पायाशी टाकायची, जसं कोणी झोपलेल्या मुलाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा तसा. "खांद्याने मारतेस," ती म्हणायची. "मनगट सैल सोड." मी आणखी खांद्याने मारायचे. बॉल लाकडावर आपटल्याचा टॉक-टॉक आवाज सगळ्या आळीत जायचा. शेजारची पमी, माझ्याच वर्गातली, ती आवाज ऐकून आली आणि गुण मोजायला बसायला लागली. गावात गजाली सुरू झाल्या की अमक्याची नवी बायको आणि सावत्र पोर खळ्यात मारामारी करतात. खोटं नव्हतं ते.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. मी रोज खेळले. परीक्षेच्या दिवसांतसुद्धा. पहाटे विहिरीवर कळशी घेऊन जाताना माझं मनगट आपोआप सैल व्हायचं. फेब्रुवारीत मी पहिल्यांदा पाचला पोचले, होळीच्या सुमारास सातला. नंदाने मला एक पॉइंटही सोडून दिला नाही. दिला असता तर मी कदाचित खेळ सोडला असता. "उंच आलेला बॉल समोरच्याच्या पायाशी मारायचा," ती म्हणायची. "वर मारायचा नाही. हा बॉल दिसतो हलका, पण एवढ्या जवळून तोंडावर बसला तर वाईट लागतो." मी विहिरीवर पमीला म्हटलं, "एक दिवस तिच्या तोंडार मारतलंय." पमी म्हणाली, "शी गो." आणि हसली. मीही हसले.

मे महिना संपत आला होता. होड्या वर ओढायचे दिवस. त्या संध्याकाळी बाबा पडवीच्या पायरीवर जाळं शिवत बसले होते, पमी जाळीच्या वाशाला टेकून गुण सांगत होती, आतये आत बांगडे कापत होती. मला त्या दिवशी सगळं जमत होतं. नऊ-आठ. मग दहा-आठ, आणि सर्व्हिस माझी. म्हणजे एक पॉइंट, आणि आईचं खळं मोकळं. नंदा कपाळावरचा घाम पुसत बाबांकडे वळून म्हणाली, "बघा, लेक काय खेळतेय तुमची." आणि बाबा हसले. बाबा हसले म्हणजे खरंच हसले, मान मागे टाकून, सुई जाळ्यात तशीच ठेवून, आणि म्हणाले, "नंदा, सांबाळ गो आता." तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. तो आईबरोबर गेला असं मी धरून चालले होते. तो गेला नव्हता. ह्या बाईसाठी तो राखून ठेवला होता, असं मला त्या क्षणी वाटलं.

मी सर्व्हिस केली. तिने परत केला, मी टप्पा पडू दिला आणि मऊ टाकला, दोघी पुढे आलो. किचनच्या रेघेवर समोरासमोर, मध्ये जेमतेम चौदा-पंधरा फूट. चार-पाच वेळा बॉल हळूहळू इकडून तिकडे गेला. मग तिचा एक थोडा उंच उडाला. माझ्या खांद्याच्या वर, पिवळा, सावकाश येणारा. मी रेघेच्या मागे होते, हवेतून मारायला मोकळी होते. तिच्या पायाशी सगळी जागा रिकामी होती. पायाशी मारला असता तर डाव माझा होता, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि तिथे मारला.

आवाज वेगळा आला. नंदा खाली बसली, डाव्या डोळ्यावर दोन्ही हात दाबून. बाबा धावले. आतये कोयती हातात घेऊनच बाहेर आली. पमी वाशाला धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. नंदाने एक हात जमिनीला टेकला, उठली आणि म्हणाली, "बॉल अंगाला लागला की मारणाऱ्याचा पॉइंट. अकरा-आठ. जिंकलीस."

घरात नेऊन बाबांनी तिला खुर्चीवर बसवलं, ओल्या फडक्याने डोळा शेकला. डोळा मिटून गेला होता, गाल सुजत चालला होता. बाबा म्हणाले, "मी बगी होतंय. कसो काय गेलो बॉल तोंडार?"

"गेला नाही," नंदा म्हणाली. "तिने मुद्दाम मारला."

"कायतरीच," आतये म्हणाली. "खेळताना लागता कोणाक तरी. पोरग्यावर बालंट घेतंस?"

बाबा माझ्याकडे वळले. "खरा सांग. मुद्दाम मारलंस?"

दारात पमी उभी होती. मी तिच्याकडे एकदा बघितलं, आणि तिने मान खाली घातली.

"चुकान लागलो," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे एवढा वेळ बघितलं की मला वाटलं त्यांना कळलं. पण ते नंदाकडे वळून म्हणाले, "ल्हान आसा ता. असा बोला नये."

नंदाने फडकं त्यांच्या हातून काढून घेतलं आणि स्वतःच डोळ्यावर धरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पडवीत आले तर ती खळ्यात गुडघ्यांवर बसलेली, शेजारी पाण्याची बादली, हातात नारळाचं सोडण. एक डोळा जांभळा होऊन बंद. एका डोळ्याने बघत ती रेघा घासून काढत होती. मी खोटं बोलले होते. ती तिच्या शब्दाला जागत होती. जाऊन बादली हातातून घ्यावी असं मला वाटलं नाही, हेही लिहून ठेवते. मला वाटलं, बरं झालं. आतयेने मला चहा दिला आणि हळूच म्हणाली, "सुटला खळा." चहा तसाच ठेवून मी विहिरीवर गेले.

सूज चार दिवसांत उतरली, पण आठवड्याभराने नंदा म्हणाली, डाव्या बाजूने काळं काहीतरी सरकत येतंय, पडदा ओढल्यासारखं. मालवणच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, इथे वेळ घालवू नका, आतल्या पडद्याला चीर असेल, मुंबईला ऑपरेशन करा. बाबा होडी वर ओढायचं टाकून तिच्याबरोबर निघायला तयार झाले. तिने नको म्हटलं. माझ्यासमोर, आतयेसमोर. "मी खोटं बोलते असं ज्याला वाटतं त्याने माझ्याबरोबर दवाखान्यात यायची गरज नाही. माझा भाऊ आहे तिकडे." बाबा काळे पडले. शेवटी ते मला म्हणाले, "कुडाळापर्यंत तरी जा तिच्या वांगडा. बॅग घे."

एसटीत ती खिडकीशी बसली, मी बॅग मांडीवर घेऊन शेजारी. गाडीत कोणीतरी फणसाचे गरे सोडत होतं आणि सगळ्या एसटीला तो वास भरला होता. आजही कोणी फणस फोडला की मी उठून बाहेर जाते. कुडाळच्या प्लॅटफॉर्मवर ऊन होतं. तिने पदर डाव्या बाजूला ओढून घेतला होता, आणि एक हमाल गाडा ढकलत तिच्या डावीकडून आला तेव्हा तिला तो दिसलाच नाही. गाड्याचं टोक तिच्या कोपराला लागलं, ती दचकली, आणि कोण आलं ते बघायला तिला पूर्ण मान वळवावी लागली. ती मान वळवणं मी बघितलं. त्यानंतर मला तिथे गप्प उभं राहता येईना.

"मी मुद्दाम मारललंय," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. "मला माहीत आहे. मी समोर होते."

"मी..."

"मला कशाला सांगतेस?" ती म्हणाली. "तुझ्या बापाला सांग."

गाडी आली. मी बॅग चढवली. तिने ती माझ्या हातून घेतली आणि आत गेली. माफी मागायची राहिली असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे, पण ते खरं नाही. राहिली नाही. मागण्यासारखं तिने काही मोकळं ठेवलंच नव्हतं.

परतीच्या एसटीत मी ठरवत होते, आज नको, उद्या सांगू. घरी आले तेव्हा बाबा एकटे किनाऱ्यावर होते, होडीच्या तळाला चिकटलेली कालवांची कवचं खरवडत. मी चपला हातात घेऊन वाळूतून गेले आणि उभ्या उभ्या सांगितलं. बाबांचा हात थांबला नाही. खर्र खर्र आवाज चालूच होता. न वळता ते म्हणाले, "आनि मी तिका खोटी म्हटलंय." तेवढंच. मला वाटलं होतं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. घरी येऊन त्यांनी आतयेला सांगितलं, आणि आतये पहिल्यांदाच माझ्यावर ओरडली, "माका कित्याक खोट्यात घातलंस गो?" दुसऱ्या दिवशी होडी तशीच अर्धी खरवडलेली टाकून बाबा मुंबईला गेले. माझ्या आठवणीत ते पहिल्यांदाच गेले. पाच दिवसांनी एकटे परत आले. ऑपरेशन झालं होतं.

"येतली ती?" मी विचारलं.

"माका म्हायत नाय," ते म्हणाले, आणि पुढे गणपतीपर्यंत माझ्याशी ते कामापुरतंच बोलले. मीठ दे. दार लाव. पेज घाल.

नंदा आली ती श्रावण संपता संपता, दुपारच्या एसटीने, एकटी, काळा चष्मा लावून. पाऊस पडत होता. खळ्यावर शेवाळ धरलं होतं, त्यामुळे ती कडेकडेने, वासे धरत, पाय चाचपत आली. मी पडवीतच होते. बाबा मालवणला गेले होते. आतये दारात येऊन उभी राहिली आणि वाट न सोडता म्हणाली, "इलंस?"

"माझा घर आसा ह्या," नंदा म्हणाली. तिच्या तोंडून मालवणी मी पहिल्यांदा ऐकली. "सरा वन्सं, भिजतंय."

आतये सरली. नंदाने बॅग खाली ठेवली, चष्मा काढून पुसला, आणि मला विचारलं, "सांगितलंस?"

"सांगलंय."

"बरं." आणि ती आत जाऊन साडी बदलून आली, आणि चुलीवर काय आहे ते झाकण उघडून बघितलं.

त्यानंतर आम्ही मायलेकी झालो, असं कोणाला वाचायचं असेल तर त्यांनी इथे थांबावं. आम्ही नाही झालो. तिने मला माफ केल्याचं कधी म्हटलं नाही आणि मी विचारलं नाही. माझ्या मनातला तिचा राग एका दिवसात गेला नाही. त्यात आता माझी लाज मिसळली होती आणि लाजेने राग जास्तच टोचतो. मी तिच्या हातचं जेवायला लागले, एवढाच फरक. डावा डोळा तिला कायमचा अर्धा मिळाला. समोरचं दिसतं, डाव्या कडेचं दिसत नाही. भरलेलं ताट डावीकडे ठेवलं तर तिचा हात लागून सांडायचं. तेव्हा मी ताट उचलून उजवीकडे ठेवायचे, आणि ती तशीच जेवत राहायची.

दिवाळीच्या आधी मी खळ्याचं शेवाळ खरवडून काढलं. दोन दिवस लागले. मग मोजपट्टी घेतली आणि चुन्याच्या रेघा मी मारल्या. पुसायला लावल्या त्या मी, त्यामुळे मारायच्या तर मीच, दुसऱ्या कोणाला तो हक्क नव्हता. नंदा पडवीच्या खांबाला टेकून बघत होती. बाबा जाळ्याचा तुकडा घेऊन आले आणि न विचारता बांधायला लागले. शेजारून पमी आली. तिनेही ह्या सगळ्यात माझ्याकडे पाच महिने नीट बघितलं नव्हतं.

"किचनची रेघ सहा इंच आत मारली आहेस," नंदा म्हणाली. मी ती पुसून परत मारली.

मग तिने चारही फळ्या बाहेर काढल्या. एक पमीला दिली, एक बाबांना. बाबांनी ती कोयतीसारखी धरली. तिसरी माझ्याकडे फेकली.

"एकेकटं खेळायचं आता मला जमणार नाही," ती म्हणाली. "तू इकडे ये, माझ्या बाजूला."

मी जाळीला वळसा घालून तिच्या बाजूला गेले. कुठे उभं राहायचं ते मला कळेना. आजवर मी ह्या खळ्यात फक्त तिच्या समोर उभी राहिले होते. तिने माझ्या दंडाला धरून मला दोन पावलं सरकवलं, जरा जोरातच, बोटं रुतली, आणि समोर बघत म्हणाली,

"डावीकडचे बॉल मला दिसत नाहीत. ते सगळे तुझे."